पाय कोणी द्यायचा

सगुणा चिंबोऱ्यांच्या नांग्या मोडत होती, आणि ज्या जोराने मोडत होती त्यावरून राघोने ओळखलं की आजचं जेवण कोणाच्या घशाखाली नीट उतरायचं नाही.

"भावजी, आज तुम्ही बोला," ती मान वर न करता म्हणाली. "दर साली आगरपूजेला येता, जेवता, हात धुता, आनि कल्याणची वाट धरता. आज नाय चालनार."

"मी काय बोलणार, वहिनी?"

"माझ्या दौलतच्या हातात पाटी कोणी दिली? मी? का त्याच्या मेलेल्या बापसानं?" कडक् करून एक नांगी मोडली. "तुमीच दिलीत. आता त्याला विलायत दिसाया लागली, तर तुमी कल्याणला जाऊन बसनार?"

वहिनीचं म्हणणं खोटं नव्हतं. तीन भावांतला तो धाकटा. काळुरामदादा आणि गणू मिठागरात उभे राहिले. हा तेवढा पुस्तकात शिरला आणि कल्याणच्या शाळेत मास्तर झाला. सगुणाचा नवरा गणू गेला तेव्हा दौलत अगदी लहान होता. त्याला उचलून कल्याणला नेलं, आपल्या खोलीत ठेवलं, शिकवलं, पुढे मुंबईच्या कॉलेजात घातलं. पोरगा बी. ए. झाला त्या दिवशी राघो घरात एकटाच बसून रडला होता. पण कोणाच्या भल्यासाठी चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की त्याची जीभ टाळूला चिकटे. वर्गातल्या मुलांपुढे तो बोले, कारण मुलं उलटून विचारत नसत.

"बोलेन," तो म्हणाला. "जमेल तसं."

"जमेल तसं नको. नीट बोला," सगुणा म्हणाली, आणि टोपली उचलून चुलीकडे गेली.

दुपार कलली तशी सगळी पडवीत जमली. जेवणं झाली होती. तांदळाची भाकरी, चिंबोऱ्यांचं कालवण, आणि काळुरामने स्वतः खाडीच्या चिखलातून धरून आणलेले निवटे मासे. आगरपूजेच्या, म्हणजे मिठागराच्या पूजेच्या, दिवशी घरच्या कर्त्याने निवटे आणायचे, ही बापाच्या वेळेपासूनची रीत. साठी ओलांडली तरी काळुराम ते दुसऱ्या कोणाला करू देत नसे. आता तो भिंतीला टेकून घोंगडीवर बसला होता आणि तळहातावर तंबाखू मळत होता. शेजारी त्याची बायको लक्ष्मी. समोर मुलगा पोपट, मांडी घालून, दोन पोरं अंगाखांद्यावर. दौलत खांबाशी उभा होता. मुंबईचा कोट त्याने काढून ठेवला होता, तरी तो घातल्यासारखाच अवघडलेला दिसत होता. त्याची बायको, मानपाड्याची मालन, आतल्या दाराआड होती.

"हां, दौलत," काळुराम म्हणाला. "मना समजंल असं सांग. ही शाळा कशाची?"

"पैशाची, आबा. म्हणजे पैसा कसा फिरतो, त्याची."

"फिरतो ना," पोपट म्हणाला. "आमच्या दारावरनं जाताना लय वेळा बघितलाय. येताना नाय दिसत."

लक्ष्मी हसली. दौलतही हसला. त्याला पोपटचा राग येत नसे; लहानपणी सुट्टीत दोघांनी एकाच होडीतून जाळं टाकलं होतं.

"हसू नको, पोपटदादा, तेच शिकवतात. येताना का दिसत नाही, ते." तो खांब सोडून पुढे आला. "आबा, आपलं मीठ कलकत्त्याला जातं. बरोबर? तिथं विलायतेचंही मीठ येतं. दोन सालांपूर्वी आपल्या मिठाला एकदम उठाव आला. तुम्ही म्हणालात, देवानं बघितलं. देवानं नाही, रुपयानं. रुपयाचा भाव पडला, विलायती माल महागला, म्हणून व्यापारी आपल्या आगरात आले. ते त्यांना आधी कळलं होतं. आपल्याला मीठ विकून झाल्यावर कळलं."

काळुरामचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला.

"म्हंजी आपन हितं उन्हात करपायचं, आनि भाव ठरनार साहेबाच्या नाण्यावर?"

"होय, आबा."

"आनि हे त्या शाळेत शिकवतात?"

"दोन वर्षं. पदवी असेल तरच घेतात. पेढी कशानं बुडते, कशानं तरते. हुंडणावळ, म्हणजे एका नाण्याचा दुसऱ्या नाण्यातला भाव, कशी ठरते, विमा म्हणजे काय. विलायतेतही अशी शाळा अजून दुर्मीळ आहे. मी मुंबईत कामाला आहे त्या पेढीचे शेठ म्हणतात, आगबोटीचं भाडं आणि तिथला खर्च मी करतो, परत येऊन पाच वर्षं माझ्याकडे राहा. त्यानंतर मी मोकळा." तो थांबला. मग जरा लाजत म्हणाला, "त्यानंतर मला इथं आगरवाल्यांचीच एक पेढी काढायची आहे. म्हणजे पावसाच्या तोंडावर पडेल भावाला मीठ टाकून द्यायला नको."

राघोला वाटलं, आपण हे कितीतरी वेळा ऐकलंय, कल्याणच्या खोलीत, समईच्या उजेडात. तिथे ते स्वप्नासारखं वाटे. इथे, माशांच्या काट्यांची पत्रावळ शेजारी पडलेली असताना, ते शेतावर काढायच्या विहिरीसारखं वाटलं. खरंच काढता येईल असं.

"आनि समुद्र वलांडून बाटंल, त्याचं काय?" लक्ष्मीने विचारलं.

"अगं, जलम गेला खाऱ्या पान्यात उभं राहून," काळुराम म्हणाला. "आपन कवाचे बाटलोय."

सगळे हसले. सगुणाही हसली, पदर तोंडाला लावून. क्षणभर राघोला वाटलं की झालं, आता कोणी काही बोलणार नाही, आपल्यालाही बोलावं लागणार नाही.

"मी कवा 'जाऊ नको' बोललो?" पोपट म्हणाला. मांडीवरचं पोर त्याने खाली ठेवलं. "जा की, भावा. तुझी बुद्धी, तुझी विलायत. पन मना एक सांग. पाय कोन देनार?"

दौलत पुन्हा खांबाशी गेला.

दिवाळी सरून थंडी पडायला लागली की मिठागराची जमीन पायांनी तुडवून घट्ट करावी लागते. टाचेने चिखल दाबत, रांगेने, दिवस न् दिवस. जमीन नीट बसली नाही तर खारं पाणी झिरपून जातं आणि मीठ धरत नाही. मढवींच्या, म्हणजे त्यांच्याच घराण्याच्या, आगरात ज्याचा हिस्सा त्याने आपले पाय द्यायचे. मजूर मदतीला चालत, पण पहिला पाय हिस्सेदाराचा. लागोपाठ दोन हंगाम ज्याचा पाय पडला नाही, त्याचा हिस्सा भावकीत जिरे. बाप गेलेल्या पोराचा तेवढा, तो कमावता होईपर्यंत, राखला जाई; दौलतचा आजवर तसाच राखला होता. ज्याने आपल्या हिश्शाला पाय दिला त्याला दुसऱ्याच्या हिश्शाला देता येत नसे. आणि ज्याचा हिस्सा एकदा जिरला त्याचा पाय कायमचा रिकामा, कोणाच्याच हिश्शाला न चालणारा. राघोचा असाच जिरला होता, मास्तरकी धरल्यावर. त्याला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. आज पहिल्यांदा वाटलं.

आगबोट आठ दिवसांत सुटणार होती, म्हणजे दौलतचे हा आणि पुढचा असे दोन हंगाम चुकणार होते.

"जाऊ दे हिस्सा," दौलत म्हणाला.

"जाऊ दे?" सगुणा उठून उभी राहिली. "तुझा बापूस त्याच आगराच्या बांधावर गेला. उधाणात खांड पडली तवा ती बुजवताना गेला. आनि तू बोलतोस, जाऊ दे. दोन साल तू तिथं साहेबाच्या पंगतीला बसनार, आनि मी या घरात कोनाच्या नावानं भात खाऊ? पोपटच्या?"

"काकी, मी तुना कवा उपाशी ठेवलंय?" पोपट म्हणाला.

"ठेवलं नाय. ठेवशील असं पन बोलत नाय. पन तू वाढशील आनि मी खाईन, हे मना नको."

पोपटचा चेहरा उतरला. तो वाईट माणूस नव्हता. पाच पोरं होती, हिस्सा बापाचा होता तेवढाच, आणि दौलतचा हिस्सा त्यात आला असता तर त्याला हवा होता. कोणाला नको असतो?

दौलतने आईकडे पाहिलं. "तुला नको असेल तर मी जात नाही," तो शांतपणे म्हणाला, आणि त्या शांतपणाचीच राघोला भीती वाटली. पोरगा लहानपणीही असाच होता. हट्ट करायचा नाही. फक्त हातातली वस्तू खाली ठेवून द्यायची.

तेव्हा दाराआडून आवाज आला. धातू जमिनीला टेकल्याचा, जड. मग पुन्हा एकदा.

"आत्या," मालन आतून हळू म्हणाली, सासूला उद्देशून पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "पाय मी देते म्हनावं."

तिने पायातले तोडे काढून ठेवले होते.

"बाईचा पाय?" पोपट म्हणाला.

"बाई मीठ व्हाते," लक्ष्मी म्हणाली. "आगर मळत नाय. कवा ऐकलं नाय असं."

"तुमी नाय ऐकलं म्हंजी नाय?" सगुणा फिरून म्हणाली. "डोक्यावर पाट्या व्हाऊन आमची मान वाकली ती चालते. टाच तेवढी इटाळाची?"

"मी नाय केली रीत, सगुणा. माझ्यावर कशाला येतेस?"

"मग कोनी केली? नाव सांगा त्याचं."

काळुरामने हात वर केला. दोघी थांबल्या. त्याने तंबाखू गालात धरली, पडवीबाहेर दूर खाडीकडे बघितलं, आणि मग मान वळवून थेट राघोकडे पाहिलं.

"राघो. तू सांग. वाचलेला मानूस हायस. आपल्या आगरात बाईनं पाय दिलेला हाय का कवा? नायतर, देऊ नये असं कुठं हाय का?"

सगळ्यांच्या नजरा वळल्या. दाराच्या फटीतून मालनच्या लुगड्याचा काठ दिसत होता, हलत नव्हता.

राघोला एक गोष्ट आठवत होती. आठवत होती म्हणणंही त्याला धाडसाचं वाटे. तो पाच वर्षांचा असेल. पटकीची साथ होती, बाप घरात निजून होता. राघो बांधावर बसलाय. खाली चिखलात आई आहे, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पोटऱ्यांपर्यंत काळी झालेली. ती टाच दाबते, पाय काढते, टाच दाबते. आणि राघोच्या मांडीवर तिचे तोडे आहेत. इतके जड की पाय बधिर झालेत, पण आई म्हणालीय हलू नको, म्हणून तो हलत नाही.

एवढंच. मागचं नाही, पुढचं नाही. पुढे कधी कोणी त्याबद्दल बोललं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. आई त्याच साली गेली. आई नसलेल्या मुलाच्या मनात आईची अशी कितीतरी चित्रं तयार होतात, हे त्याने पुढे कुठेतरी वाचलं होतं, आणि तेव्हापासून त्याने त्या चित्रावर विश्वास ठेवणं सोडून दिलं होतं. वर्गात तो मुलांना सांगे, पाहिलेलं सांगा किंवा वाचलेलं सांगा, वाटलेलं सांगू नका. हे पाहिलेलं होतं की वाटलेलं? आणि वाटलेल्यावर एका घराचा हिस्सा ठरवायचा? उद्या कोणी म्हणालं, मास्तरने पुतण्यासाठी मेलेल्या आईचं नाव वापरलं, तर?

"दादा..." तो म्हणाला. "मला खात्रीने सांगता येत नाही."

"खात्रीनं नको. सांग."

"तसं नाही. असं एकदम... पाहावं लागेल. माझ्याकडे कल्याणला दोन-तीन पुस्तकं आहेत, जातीजातींच्या रूढींवरची. त्यांत बघतो, आणि मग सांगतो."

"पुस्तकात बघून?"

"हो."

"आपल्या आगराचं?"

राघोने मान खाली घातली. त्याच्या त्या पुस्तकांत मढवींचं आगर नव्हतं, कोणाचंच नव्हतं, आणि हे त्याला बोलतानाही माहीत होतं.

काळुराम त्याच्याकडे बघत राहिला. त्या बघण्यात राग नव्हता. राघोला वाटलं, दादा अजून कशाची तरी वाट बघतोय. पण कशाची, ते त्याला कळेना.

"उद्या सकाळी पाय पडायचे हायत, राघो."

"चुकीचं सांगण्यापेक्षा, दादा..."

"बरं." काळुरामने बाहेर जाऊन पिंक टाकली आणि परत आला. "मास्तरला ठाव नाय, तर कोनालाच ठाव नाय. रीत हाय तशी ऱ्हाईल."

सगुणा बोलली असती तर राघोला बरं वाटलं असतं. ती फक्त त्याच्याकडे एकदा बघून आत गेली.

"उद्या पाय मी देतो," दौलत म्हणाला. "संपलं. आता चहा-बिहा कोणी करणार आहे का? मुंबईची सवय लागली मला."

लक्ष्मी उठली. पोपटची पोरं ओरडत अंगणात गेली. त्या गलक्यात राघोला दाराआडचे आवाज ऐकू आले. एक तोडा पायात गेला. थोड्या वेळाने दुसरा.

दिवेलागणीला दौलत त्याच्याजवळ येऊन बसला.

"काका, मनाला लावून घेऊ नका. माहीत नसलेलं तुम्ही सांगणारच नाही. मला तुम्हीच तसं शिकवलंत."

राघोने मान हलवली. पोराने शिव्या दिल्या असत्या तर त्या त्याने घेतल्या असत्या.

सकाळी थंडी होती. खाडीवर धुकं पसरलं होतं आणि त्यातून पलीकडच्या तीरावरची झाडं अर्धीच दिसत होती. शेठचा कारकून होकार-नकार न्यायला आदल्या दिवशीच डोंबिवलीला येऊन राहिला होता. दौलत उजाडताच स्टेशनावर जाऊन त्याला नकार सांगून आला. शेठकडे दुसरा उमेदवार तयारच होता, असंही कारकून म्हणाला म्हणे. ते सांगताना दौलत हसला होता.

नारळ फुटला. काळुरामने आपला पाय दिला, पोपट त्याच्या मदतीला उतरला, आणि मग शेजारच्या तुकड्यात दौलत. धोतर वर खोचून तो चिखलात उभा राहिला. त्याच्या पोटऱ्या पांढऱ्या होत्या, बांधावरून वेगळ्या ओळखू येत.

"चवड्यावर नाचतोस काय, शिकलेल्या!" पोपट ओरडला. "टाच! टाच मार!"

"मारतोय की!"

"असं हळूच? बायको हाय का ती?" पोपट आपला तुकडा सोडून त्याच्याकडे गेला, शेजारी उभा राहिला आणि त्याला टाच कशी फिरवायची ते दाखवू लागला. दाखवता दाखवता हळू आवाजात काहीतरी बोललाही. दौलतने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो काढताना पोपटच्या सदऱ्यावर चिखलाचा पंजा उमटला.

काळुराम दमून बांधावर आला आणि राघोशेजारी बसला. त्याने पोटऱ्यांवरचा चिखल हाताने निपटला.

"राघो," काळुराम म्हणाला. "काल तू बोलला का नाय?"

"म्हणालो ना, दादा. खात्री नव्हती."

"कशाची खात्री? तू हितंच बसलेला. याच बांधावर." त्याने चिखलाच्या बोटाने दाखवलं. "आयस खाली पाय देत व्हती. बापूस निजलेला. मी चौदा वर्षांचा, माझा पाय धरत नव्हते तवा. तिचे तोडे तुझ्या मांडीवर व्हते. तू रडत व्हता, पन हलला नाय."

राघोने भावाकडे पाहिलं.

"तुला... तुला माहीत होतं?"

"मग? मना नसंल तर कोनाला असंल?"

"मग तू का नाही सांगितलंस?"

काळुरामने पोपटकडे हनुवटी केली. "तो माझा पोर हाय. पाच तोंडं त्याची. त्याच्या ताटात येनारा घास मी माझ्या तोंडानं काढू? जलमभर तो बोलला असता, बापसानं पुतन्याला दिलं. पन तू बोलला असता, तर मी मान डोलावली असती. पोपटनं पन ऐकलं असतं. तुझ्या शब्दाला तो मान देतो." तो थांबला. "मना वाटलं, मी इचारलं म्हंजी तू समजशील. तुनाच का इचारलं, ते."

"दादा, मला ते स्वप्न वाटायचं."

"स्वप्न?" काळुरामने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी होडीतून पडलेल्या धाकट्याकडे पाहावं. "घरात त्याचं नाव कोनी काढत नव्हतं, आयस गेली म्हनून. बापूस रडायचा. पन म्हनून ते स्वप्न?"

"आत्ता सांगतो." राघो उठायला लागला. "सगळ्यांना सांगतो. मालनला बोलव. कारकून अजून गाडीत बसला नसेल..."

काळुरामने त्याचा हात धरून खाली बसवलं.

"पाय लागला, राघो. एकदा लागला की ज्याचा त्यानं पुरा करायचा. आनि ती गाडी मघाशीच गेली. तू ऐकली नाय?"

राघोने ऐकली होती. धुक्यात ती दिसली नव्हती, पण कल्याणकडून आलेली आणि ठाण्याच्या बाजूला गेलेली तिची शिटी त्याने ऐकली होती, आणि तेव्हा तो दौलतच्या पांढऱ्या पोटऱ्यांकडे बघत होता.

काळुराम गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि पुन्हा चिखलात उतरला.

ऊन वर आलं. धुकं फाटलं. बांधावरून मालन येताना दिसली. डोक्यावर पेजेचं मडकं, हातात कांदा आणि सुकटीची पुरचुंडी. पायांतले तोडे चालताना एकमेकांवर लागत होते. राघोजवळ आल्यावर ती थांबली, मडकं उतरवलं, पदर नीट केला. एरवी ती त्याच्याशी थेट बोलत नसे. आज आजूबाजूला कोणी नव्हतं.

"काका," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. "पुढच्या वर्साला तरी उपेगी पडंल म्हनून इचारते. तुमी कल्यानला जाऊन बघनार ना? त्या पुस्तकात?"

खाली दौलत टाच दाबत होता, पाय काढत होता, टाच दाबत होता. त्याला आता जमायला लागलं होतं.

"बघतो," राघो म्हणाला. मग त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला, आणि त्याने मान हलवली. "नाही, पोरी. पुस्तकात नाही ते."

"नाय?"

"नाही."

ती थोडा वेळ उभी राहिली, बहुतेक तो आणखी काही सांगेल म्हणून. त्याचे ओठ हललेही. मग खालून दौलतने हाक मारली, आणि ती मडकं उचलून बांधाच्या उतारावर गेली. चिखलाच्या कडेला पोचल्यावर तिने तोडे काढले आणि कुठे ठेवावेत म्हणून इकडेतिकडे पाहिलं. मग परत वर चढून आली आणि ते राघोच्या मांडीवर ठेवले.

"जरा धरा, काका. पेज देऊन येते."

राघो हलला नाही.